स्क्रीन फ्लिकर

मोबाईल, लॅपटॉप नाहीतर टीव्हीचा ब्राइटनेस कमी केला की बऱ्याच स्क्रीन सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद व्हायला लागतात, त्याला स्क्रीन फ्लिकर म्हणतात. आपल्याला वाटतं उजेड मंद झाला, पण पेटल्यावरचा उजेड तेवढाच असतो, फक्त पेटून राहायचा वेळ कमी आणि विझून राहायचा वेळ जास्त होतो. ह्या पद्धतीला पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) म्हणतात. दुसरी पद्धत डीसी डिमिंग, त्यात करंटच कमी करतात, पण मंद उजेडात ओएलईडीचे (जिच्यात प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो अशा स्क्रीनचे) रंग बिघडतात म्हणून ती सगळीकडे चालत नाही.

बऱ्याच ओएलईडी फोनचा फ्लिकर 240 किंवा 480 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा) आसपास असतो, तो डोळ्याला दिसत नाही, पण दिसत नाही म्हणजे त्रास नाही असं अजिबात नाही. जुन्या चोकची ट्यूबलाइट आपल्या 50 हर्ट्झच्या लाइटवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, तेही कुणाला दिसत नाही. तरी 1989 मध्ये छापून आलेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात हाय फ्रिक्वेन्सीचा (सेकंदाला हजारो वेळा लुकलुकवणारा) चोक लावल्यावर ऑफिसातल्या लोकांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून खाली आला.

लातूरला ट्यूशनसाठी रूम करून राहिलेली पोरं रूममेट झोपला म्हणून लाइट बंद करतात, फोन एकदम मंद करतात आणि दोन-दोन वाजेपर्यंत पीडीएफ वाचत बसतात, मग सकाळी म्हणतात डोळे चुरचुरायलेत, कपाळ ठणकायलंय, मळमळायलंय. घरचे म्हणतात नंबर वाढला असंल. नंबर तपासावाच, पण ब्राइटनेस जितका कमी तितका विझलेला वेळ जास्त, हे कुणी सांगतच नाही पोरांना. सगळ्यांना त्रास होतो असं नाही, एकाच रूमवर एकाला होतो, दुसऱ्याला काहीच नाही, म्हणून ज्याला होतो त्याचं खरं वाटत नाही लोकांना.

तपासायचं असलं तर अंधारात पांढरी स्क्रीन मंद करून तिच्यापुढं पेन्सिल जोरात हलवा, सलग धूसर पट्ट्याऐवजी पेन्सिलीच्या वेगवेगळ्या सावल्या दिसल्या तर फ्लिकर आहे. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात शटर फास्ट केलं की काळे पट्टेही दिसतात.

एलईडी दिव्यांसाठी आयईईई ह्या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेच्या 2015 च्या शिफारशीत 1250 हर्ट्झच्या वर धोका कमी धरलाय, आता काही फोन 2160, 3840 हर्ट्झचे येतात. जुना फोन असंल तर ब्राइटनेस वरच ठेवून डार्क फिल्टरचं (स्क्रीनवर काळी छटा टाकणारं) ॲप लावावं, आणि रूममध्ये एक छोटा दिवा चालू ठेवावा.