शिसवी की उत्तरेचा शीशम?

ऑनलाइन दुकानात ‘शीशम, इंडियन रोझवूड’ असं लिहिलेला पलंग दिसला की मराठी माणसाला जुन्या वाड्यातलं काळंभोर शिसवी सामान आठवतं. पण ती दोन झाडं वेगळी. दोन्ही डालबर्जिया प्रजातीतली, म्हणजे सख्खी चुलत भावंडं. आपला शिसव (लॅटिफोलिया) सह्याद्री आणि दक्षिणेच्या जंगलांतला. जोधपूर-सहारनपूरहून येणाऱ्या सामानातला शीशम म्हणजे सिस्सू, हिमालयाच्या पायथ्याच्या नदीकाठांवरचा आणि उत्तरेत कालव्यांच्या कडेनं भरपूर लावलेला. भावातला फरक बराचसा इथूनच सुरू होतो.

वजनावरून ओळखायला जाल तर फसाल. शिसवाचं घनमीटरला साधारण ८५० किलो, सिस्सूचं ७७० ते ८००. हातानं उचलून हा फरक कळत नाही. रंग पाहावा, पण पॉलिशवरचा नव्हे. गडद स्टेन मारला की सिस्सूसुद्धा शिसवी दिसतो. पलंगाची खालची, पॉलिश न लागलेली बाजू थोडी खरवडावी. शिसवाच्या गाभ्यात जांभळट झाक आणि काळ्या रेषा असतात, ताज्या कापाला मंद गोड वासही येतो. सिस्सू सोनेरी ते तपकिरी, गडद पट्ट्यांचा, वास जवळजवळ नाहीच.

सुताराला शिसव सोपा जात नाही. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे रंधा उलटा गेला की पृष्ठभाग उचकटतो. कधी लाकडात चुन्यासारखे खडे निघतात आणि पात्याची धार जाते. पण नीट घासून पॉलिश केलं की जी खोली दिसते ती सिस्सूला नाही. गिटारच्या पाठीसाठी आणि बाजूंसाठी जगभर शिसवाला मागणी आहे ती उगाच नाही.

सिस्सूही हलका माल नव्हे. कोरीव कामाला उत्तम, तबल्याच्या खोडालाही चालतो. दोन्हींचा गाभा टिकाऊ; सालीलगतचा फिका भाग मात्र भुंगेरे पोखरतात, तेव्हा पांढरट पट्टा दिसला की तो नग सोडावा.

रोजच्या जेवणाच्या टेबलाला मी सिस्सूच घेईन, फक्त सिस्सूच्या भावात. शिसवीच हवं असेल तर जुन्या सामानाच्या बाजारात फिरावं. आणि परदेशातल्या लेकीला शिसवी पेटी पाठवायची असेल तर आधी चौकशी करा: २०१७पासून जवळजवळ अख्खी डालबर्जिया प्रजाती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. छोट्या वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सूट मिळते, मोठ्या सामानाला कागदपत्रं लागतात, मग ते शिसवाचं असो वा सिस्सूचं.