तोडलेली फुले टिकविणे (ग्रामीण विदर्भ)

तोडलेल्या फुलांचा टवटवीतपणा घरगुती उपायांनी लांबविण्याची रीत. ग्रामीण विदर्भात पूजेची बिनदेठाची फुले ओल्या फडक्यात किंवा पळसाच्या द्रोणात झाकून माठाजवळ ठेवतात. देठासह पाण्यात ठेवायची फुले (गुलाब, निशिगंध, ग्लॅडिओलस) खेड्यातील घरांत त्यामानाने अलीकडची असावीत. बेल व तुळस शिळी होत नाहीत असा संकेत असल्याने त्यांच्याबाबत हा प्रश्न फारसा येत नाही.

देठाचे फूल लवकर मलूल होते ते मुख्यतः देठातील जलवाहिन्या तुंबल्यामुळे. त्या कशाने तुंबतात याविषयी एकमत नाही. कापताक्षणी आत शिरणारी हवा हे कारण मानणारे देठ पाण्याखाली कापण्याची शिफारस करतात. दुसऱ्या मतानुसार वनस्पतीच जखमेवर स्राव साठवते. पाण्यात वाढणारे जीवाणू हे तिसरे कारण. घरगुती वापरात त्याचाच वाटा मोठा दिसतो. कारण भांडे घासून पाणी रोज बदलले, एवढ्यानेही फुले अधिक टिकतात आणि हवेवर किंवा जखमेवर त्याचा काही परिणाम व्हायचे कारण नाही. नुसती साखर घातल्यास फुलापेक्षा जीवाणूच पोसले जातात. म्हणून लिटरभर पाण्यात १५–२० ग्रॅम साखरेबरोबर थोडा लिंबाचा रस घालतात. तांब्याचे नाणे व ॲस्पिरिन यांच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे.

पाण्याचा गुण विदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्याचे विहिरीचे पाणी क्षारयुक्त असते; यवतमाळ व चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. ग्लॅडिओलस व जरबेरा फ्लोराइडला फार हळवे असून ग्लॅडिओलसच्या पाकळ्यांच्या कडा त्याने करपतात. पाण्यात काही मिसळून हा दोष जात नाही. साठविलेले पावसाचे पाणी बरे.

एथिलीन वायूनेही फुले अकाली गळतात. त्या काळच्या दिवाबत्तीच्या गॅसमधील हा घटक कार्नेशनच्या फुलांना बाधतो, हे क्रॉकर व नाइट या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये दाखविले. पिकती केळीही हा वायू सोडतात; त्यांच्याजवळ फुले ठेवू नयेत ती यासाठीच. वरूड, मोर्शी, काटोलकडील घरांतून संत्र्यांच्या टोपलीविषयीही हीच शंका घेतात. निरोगी संत्रे हा वायू अत्यल्प सोडते, मात्र हिरवी बुरशी धरलेले एखादे संत्रे बराच सोडते. तेवढे वेचून काढावे.

ओल्या फडक्याची रीत वैशाखातल्या कोरड्या हवेत चांगली साधते, कारण पाणी झपाट्याने उडून गारवा येतो. कूलरचा झोत मात्र फुलांवर थेट येऊ देऊ नये. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या वेळी हवा दमट असते व त्याच फडक्यात झेंडू आणि शेवंती आतून काळी पडतात. तेव्हा ती सुपात विरळ पसरलेली बरी. जास्वंदाचे फूल मुळातच एका दिवसाचे असल्याने त्याला पाण्यात ठेवून फारसा लाभ नाही. त्याची टपोरी कळी संध्याकाळी तोडून ठेवली, तर ती सकाळी पूजेच्या वेळेस उमलते.