संगणकाचं घड्याळ चुकतं त्यामागची पार्श्वभूमी

1981 सालच्या मूळ पीसीत बंद असताना वेळ लक्षात ठेवणारं घड्याळच नव्हतं. मशीन सुरू केलं की डॉस (त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम) तारीख आणि वेळ विचारायचं. लोक नुसतं एंटर दाबायचे आणि फायलींवर 1 जानेवारी 1980 पडायचं. 1984 च्या एटी मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारी आरटीसी चिप, म्हणजे मशीन बंद असतानाही वेळ मोजणारं घड्याळ, आली. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना त्या चिपमधली वेळ उचलते, पुढे स्वतःच मोजत राहते. म्हणजे घड्याळं दोन, आणि ‘घड्याळ चुकतंय’ ही तक्रार नेमकी कुठल्या घड्याळाची, इथूनच गोंधळ सुरू होतो.

खरा घोळ मात्र एका जुन्या निर्णयाचा. चिपमध्ये वेळ कुठली लिहायची? डॉसला टाइम झोन ठाऊकच नव्हता, त्यामुळे त्याने स्थानिक वेळ लिहिली. विंडोजने तीच प्रथा चालू ठेवली: जुन्या प्रोग्रामचं अडू नये आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसणारी वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळावी. युनिक्सच्या घराण्यात (लिनक्स त्यातलंच) यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहायची रीत. मूळ चिपमध्ये झोन नोंदवायला जागाच नाही, त्यामुळे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स नांदवले की दोघं एकमेकांची वेळ बिघडवत बसतात. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत तर एकाने तास सरकवला की दुसराही सरकवायचा. विंडोजची बाजू त्या काळापुरती पटते, पण तीच डीफॉल्ट इतकी वर्षं ठेवणं हा निव्वळ हट्ट वाटतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) एक नोंद करून विंडोजला यूटीसी वाचायला लावता येतं. हे माहीत नसलेले लोक बॅटऱ्या बदलत राहतात.

चुकलेल्या वेळेतला फरक बरोबर टाइम झोनइतकाच असेल तर बॅटरीचा दोष नाही. बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते. घड्याळाला ठोका देणाऱ्या क्रिस्टलची चूक याहून किरकोळ: दहा लाखांत 20 भाग म्हणजे महिन्याला जेमतेम 50 सेकंद.

ही चूक झाकायला 1985 पासून एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) आहे. विंडोज एक्सपी आठवड्यातून एकदा वेळ जुळवायचं. पण एनटीपीडीला (एनटीपी चालवणाऱ्या प्रोग्रामला) 1000 सेकंदांहून मोठा फरक दिसला, तर ते वेळ सुधारण्याऐवजी स्वतःच बंद पडतं. तेव्हा तारीख आधी हाताने जवळपास आणावी लागते. तोवर चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र अवैध ठरवत असतो, आणि माणूस इंटरनेट बिघडलं म्हणून राउटर बंद-चालू करत असतो.