थर वाळवंटातील हिवताप

पश्चिम राजस्थानातील बिकानेर, जैसलमेर, बाडमेर या जिल्ह्यांत पाऊस तुटपुंजा असूनही हिवताप ठाण मांडून आहे, आणि त्याचे मूळ जपून साठवलेल्या पाण्यात आहे. पावसाचे पाणी अंगणातील ‘टांका’ या जमिनीखालच्या हौदात महिनोन्‌महिने राखले जाते. त्याचे झाकण घट्ट बसत नसेल, तर आतल्या गारव्यात ॲनॉफिलीस स्टीफेन्सी डासाच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर पडून वाढतात. सतलज-बियासचे पाणी आणणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याच्या पाझराने डबकी साचली आणि ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस या जातीचाही प्रसार झाला. १९९४ मध्ये अतिवृष्टीनंतर फाल्सिपेरम या घातक जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाची भीषण साथ आली.

संसर्ग अधूनमधून होत असल्याने येथील लोकांत प्रतिकारशक्ती टिकून राहत नाही. म्हणूनच आफ्रिकेतील तीव्र संक्रमणाच्या भागांत मुख्यतः लहान मुलांना गाठणारा गंभीर आजार येथे धडधाकट प्रौढांनाही होतो. हुडहुडी, ताप आणि घाम हा क्रम प्रत्येक रुग्णात दिसतोच असे नाही. बेशुद्धी, झटके, मूत्रपिंड निकामी होणे, धाप लागणे आणि कावीळ ही धोक्याची लक्षणे होत. यांपैकी कावीळ विशेष फसवी असते. विषाणूजन्य यकृतदाहात डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो, हिवतापात तो टिकून राहतो. शिवाय रक्तातील यकृताची विकरे (एन्झाइम) यकृतदाहात जितकी भरमसाट वाढतात तितकी हिवतापात सहसा वाढत नाहीत.

व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या परजीवीमुळे होणारा हिवताप सौम्य असतो, ही दीर्घकाळची समजूत बिकानेरच्या डॉक्टरांनी गंभीर व्हायवॅक्स रुग्णांविषयी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनी डळमळीत केली. त्या रुग्णांत फाल्सिपेरमचा छुपा संसर्ग नसल्याची खात्री पीसीआर या जनुकीय चाचणीने केलेली होती, हे त्या कामाचे खरे मोल आहे.

प्रयोगशाळेत रक्तातील प्लेटलेट कमी होणे हे दोन्ही प्रकारांत सर्रास आढळते. प्रौढांत हिमोग्लोबिन ७ ग्रॅमपेक्षा कमी किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दर्शवणारा घटक) ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त (दोन्ही प्रति डेसिलिटर) असल्यास आजार गंभीर मानतात. निदानासाठी काचपट्टीवरील रक्ताचा जाड थर परजीवी शोधण्यास, तर पातळ थर जात ओळखण्यास उपयोगी पडतो: व्हायवॅक्समध्ये बाधित तांबड्या पेशी फुगून त्यांवर बारीक ठिपके उमटतात, फाल्सिपेरममध्ये परजीवीची नाजूक कड्यासारखी रूपे आणि केळ्याच्या आकाराची युग्मकजनके (परजीवीची लैंगिक अवस्था) दिसतात. फाल्सिपेरमने बाधित पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहत असल्याने, अत्यवस्थ रुग्णाच्या बोटातून घेतलेल्या रक्तातही परजीवी थोडेच सापडू शकतात. त्यामुळे पहिली काचपट्टी निर्दोष आली तरी तपासणी पुन्हा करावी लागते.