कोपर सरळ ठेवायचं ओझं

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका व्यायामशाळेत संध्याकाळी दोन पोरं रिंग्जवर, म्हणजे पट्ट्यांना टांगलेल्या दोन कड्यांवर, चढलेली. पहिल्यानं कोपरं मुडपली, डोकं खाली घातलं, पाय वर नेले आणि हात ताठ करत उलटा उभा राहिला. दुसऱ्यानं मात्र हात काठीसारखे सरळ ठेवले. पाय फाकवून कंबर उचलली, अर्ध्यावर थरथरला आणि खाली आला. वर हेही ऐकवलं, की वाकवून काय, कुणीही जातं!

कुणीही जात नाही, हे आधी सांगून टाकतो. पण दोन्हींत फरक नेमका कशाचा, हे बघण्यासारखं आहे.

आधी हिशेब ऊर्जेचा. मुलगा ६० किलोचा धरू. रिंग्जवर पाय पुढे धरून बसल्या स्थितीपासून हातावर उभं राहीपर्यंत त्याचा गुरुत्वमध्य साधारण ८० सेंटीमीटर वर जातो. त्याला लागतात सुमारे ४७० ज्यूल. स्नायू ऊर्जेचा बराचसा भाग उष्णतेत घालवतात, तो धरूनही चिमूटभर साखर पुरून उरेल. आणि कोपर वाकवा नाहीतर सरळ ठेवा, हा आकडा तोच राहतो. म्हणजे दमवतं ते वर जाणं नव्हे.

भरलेली कळशी कमरेवर घेऊन माणूस गल्लीभर चालतो. तीच हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलांत खाली ठेवेल. कळशी तेवढीच, पाणी तेवढंच, वाढलं ते फक्त सांध्यापासूनचं अंतर. वजन गुणिले हे आडवं अंतर म्हणजे सांध्यावर येणारा टॉर्क, आणि स्नायूंना झुंजावं लागतं ते याच्याशी.

सरळ हाताच्या प्रेसमध्ये, म्हणजे झोका न घेता नुसत्या जोरावर उलटं उभं राहताना, अर्ध्या वाटेवर धड जवळजवळ आडवं असतं. गुरुत्वमध्य रिंग्जच्या वर राहायला हवा, म्हणून खांदे रिंग्जच्या पुढे झुकवावे लागतात. हात वजा करता उरलेलं ५४ किलोचं शरीर खांद्यापासून मागे तोललेलं. पाय फाकवून जवळ घेतले आणि हे अंतर २५ सेंटीमीटर धरलं, तर प्रत्येक खांद्यावर सुमारे ६६ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. म्हणजे लांब केलेल्या प्रत्येक हातात १० लिटरची भरलेली बादली! पाय मागे सरळ ताणले आणि अंतर ४५ सेंटीमीटर झालं, की बादली १८ किलोची होते. पाय फाकवण्यात शोभेचा भाग थोडाच. दोन पाय मिळून शरीराचा जवळपास तिसरा हिस्सा असतात, तो खांद्याजवळ आणायचा असतो.

कोपर वाकलं की आणखी एक सांधा मोकळा होतो. खांदे रिंग्जपर्यंत खाली येतात, धड खालीच उलटं करून घेता येतं. मग कंबर आणि पाय खांद्यांच्या वर रचले जातात, अंतर आटतं आणि उरतं ते सरळ वर ढकलणं. त्या कामाला दंडामागचे ट्रायसेप्स धावून येतात, छातीचे स्नायूही हात लावतात. सरळ हातात मात्र मुख्य भार खांद्याच्या पुढच्या स्नायूवर आणि खांद्याची पाती फिरवणाऱ्या स्नायूंवर. शिवाय कोपराच्या पुढच्या बाजूला बायसेप्सच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर, सतत ताण येतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे स्नायू फुगले तरी ती मागे रेंगाळते. मोबाईलवर बघून महिन्याभरात सरळ हात मागणाऱ्या पोरांची कोपरं म्हणूनच दुखतात.

हेच जमिनीवर केलं तर बोटांनी फरशी दाबून तोल सावरता येतो. रिंग्जवर ती सोय नाही. पट्टे ३ मीटर लांब, एका हातावर ३० किलो. रिंग १० सेंटीमीटर बाहेर सरकली, तर पट्टा तिला परत ओढतो जेमतेम एका किलोच्या जोरानं. बाकी सगळं तुम्ही सांभाळा! मल्लखांबाची पोरं इथे चकतात. नाशिक जिल्ह्याचं मल्लखांबाशी जुनं नातं; मल्लखांबाचे प्रवर्तक बाळंभटदादा देवधरांना ही विद्या वणीच्या सप्तशृंगीच्या कृपेनं मिळाली, अशी आख्यायिका सांगतात. पण खांब जमिनीत रोवलेला असतो, मिठी मारली की आधार देतो. रिंग मिठीत येत नाही. पट्ट्याला दंड टेकवणं सोपं वाटतं, पण स्पर्धेत त्याचे गुण कापले जातात. सरळ हाताच्या प्रकारात कोपर मुडपलं तरी तेच.

उंच मुलांची तक्रार मात्र रास्त आहे. बांधा तोच ठेवून उंची १० टक्के वाढली, तर वजन उंचीच्या घनानं वाढतं, त्यात अंतरही वाढतं; टॉर्क सुमारे ४६ टक्क्यांनी चढतो. स्नायूंची टॉर्क पेलायची ताकद वाढते ३३ टक्के. वरच्या पातळीवरचे जिम्नॅस्ट बुटके दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

स्नायू आखडताना जेवढं उचलतो त्यापेक्षा जास्त वजन तो लांबताना पेलतो. थरथरलेल्या पोराला शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी वरूनच सुरुवात करायला लावली: कोपरं वाकवून वर जा, मग हात सरळ ठेवून सावकाश खाली ये. पहिल्या खेपेला तो दोन सेकंदांत खाली आला, तिसऱ्या खेपेला पाच लागले.