पेडर रोडचा चढ आणि पोटरीतली साखर

मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर हाजीअली मागे पडलं की पेडर रोडचा चढ लागतो. एरवी टॅक्सीतून जाताना तिथे चढ आहे हे लक्षातही येत नाही. पण तोवर पस्तीसेक किलोमीटर पायांखालून गेलेले असतात, ऊन वर आलेलं असतं, आणि तासाभरापूर्वी छान पळणारी माणसं दुभाजकाला धरून उभी दिसतात. धावणाऱ्यांच्या बोलीत त्यांना 'भिंत' लागलेली असते. पहिल्या मॅरेथॉनची तयारी सुरू केली तेव्हा मला वाटायचं, ज्याची जिद्द कमी पडते त्याला भिंत लागते. आठ महिने पळून आणि हाती येईल ते वाचून माझं मत पार बदललं.

साधा हिशेब मांडून पाहा. पळताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. माझं वजन ६८ किलो. म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला जवळपास २,८७० किलोकॅलरी लागणार. शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम. ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्या तर झाल्या २,०००. घरातून निघतानाच खिशात पैसे कमी आहेत!

त्यातही एक मेख आहे. स्नायूतलं ग्लायकोजेन त्या स्नायूपुरतंच वापरता येतं. ते साखर करून रक्तात सोडण्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) स्नायूंकडे नसतं, यकृताकडे असतं. दंडाचे स्नायू साखरेने भरलेले असले तरी रिकाम्या पोटरीला त्यांचा उपयोग नाही. स्वीडनमधल्या योनास बेर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन या दोन डॉक्टरांनी १९६६ साली हे फार सुंदर दाखवलं. प्रयोगातली माणसं तेच दोघं. एकाच व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना ते बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने, तो पाय पार थकेपर्यंत, पेडल मारलं. मग दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं, शेजारच्या पायातलं जसंच्या तसं. पुढचे तीन दिवस दोघांनी कर्बोदकांनी भरलेलं जेवण घेतलं, तेव्हा दमलेल्या पायात दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट साठा झाला. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन दिवस धावपटू भात, बटाटे आणि पोळ्या जास्त खातात, त्याचं मूळ या दोन मांड्यांत आहे.

मग उरलेली तूट कोण भरतं? चरबी. सडपातळ माणसाकडेही कित्येक मॅरेथॉनना पुरेल इतकी असते. अडचण एवढीच की ती सावकाश जळते आणि तिला प्राणवायू जास्त लागतो. पहिल्या पावलापासून साखर आणि चरबी दोन्ही जळत असतात. वेग वाढवला की साखरेचा वाटा वाढतो. म्हणून सुरुवातीला मरीन ड्राइव्हवर गर्दीच्या उत्साहात जो सुसाट सुटतो, त्याची साखर लवकर संपते आणि बिल पेडर रोडला येतं. हीच ती भिंत.

चरबी जाळण्याची ताकद सरावाने वाढते, आणि हाच भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका असतात, ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्याच म्हणा. जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांना बारा आठवडे पट्ट्यावर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतली तंतुकणिकांची कार्यक्षमता सुमारे दुप्पट झालेली आढळली. माणसातही हेच घडतं, शिवाय स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. यासाठी धाप लागेपर्यंत पळावं लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या वेगाने, पण पुष्कळ वेळ, पळावं लागतं. जगातले अव्वल धावपटूही ढोबळमानाने ८० टक्के सराव असाच करतात. शिवाजी पार्कच्या फेऱ्या मारताना सत्तरीतले आजोबा चालता चालता मला मागे टाकायचे तेव्हा सुरुवातीला फार लाज वाटायची. पुढे हे समजलं आणि लाज गेली.

हाडांचं वेळापत्रक मात्र निराळं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. हाडं आणि स्नायुबंधांना महिने लागतात. हाड आधी झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं बांधतं, त्यामुळे मधले काही आठवडे ते उलट नाजूक असतं. मला सहाव्या आठवड्यात दम पुरायला लागला, म्हणून मी अंतर एकदम वाढवलं. नडगीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं तरी कळ यायची. तीन आठवडे घरी बसले.

पाण्याचं थोडक्यात: तहान लागेल तेवढं प्या. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं ते उतरलेलं होतं.

आता जिद्दीकडे येते, कारण तिलाही शरीर आहे. सॅम्युएले मार्कोरा या संशोधकाने २००९ मध्ये १६ जणांना सायकल चालवायला लावली. एकदा त्याआधी ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं, एकदा साधा माहितीपट दाखवला. डोकं शिणलेलं असताना माणसं साधारण १५ टक्के लवकर थांबली, तरी हृदय आणि स्नायू यांच्या कामात तसा फरक नव्हता. कष्ट जास्त वाटले, इतकंच. महिनाअखेरीला बँकेतून घरी आल्यावर नेहमीचे पाच किलोमीटर डोंगराएवढे का होतात, ते मला तेव्हा उमगलं. मी लांब पल्ला रविवारी पहाटेवर नेला.

दुसरा प्रयोग याहून मजेशीर. २००४ मध्ये सायकलपटूंना कर्बोदकांचं पाणी फक्त तोंडात खळखळवून थुंकायला सांगितलं. पोटात काहीच गेलं नाही, तरी तासाभराच्या शर्यतीत त्यांची कामगिरी सुमारे ३ टक्के सुधारली. जिभेवर कर्बोदकं आलीत ही वर्दी मेंदूला मिळाली, आणि त्याने लगाम थोडा सैल सोडला.

जानेवारीत त्या चढावर माझ्या मांड्या दगड झाल्या होत्या. फूटपाथवर एक मावशी स्टीलच्या ताटात संत्र्याच्या फोडी आणि चिक्कीचे तुकडे घेऊन उभ्या होत्या. "घे गं बाई, थोडंच राहिलंय," म्हणाल्या. चिक्की पचून रक्तात यायला वेळ लागणार हे मला ठाऊक होतं. तिचा गूळ जिभेवर विरघळायला लागला आणि चालणारी मी पुन्हा पळायला लागले.