टाळू कोणती? तोंडातली की डोक्यावरची?

उमरेडहून मावसबहिणीचा फोन आला तेव्हा तिचं बाळ जेमतेम बारा दिवसांचं होतं. "डॉक्टर म्हणतात, टाळूत फट आहे." मागून तिच्या सासूबाईंचा आवाज माझ्यापर्यंत स्वच्छ येत होता, "अवो, टाळूत फट कोणाच्या लेकराले नसते? रोज तेल घाला, भरून येते." मग तेल घातलं गेलं. वाटीत कोमट खोबरेल, कापसाचा बोळा, डोक्यावरच्या मऊ खळगीत रोज सकाळी. फट मात्र तोंडात होती. पाजलेलं दूध नाकातून यायला लागलं, वजन वाढेना, तेव्हा महिन्याभराने कोणीतरी बाळाचं तोंड उघडून आत बॅटरी मारली.

सासूबाईंना मी बोल लावत नाही. घोळ मराठीनेच करून ठेवलाय. तोंडाचं छत ती टाळू, आणि माथ्याच्या जरा पुढे जी मऊ जागा धडधडताना दिसते तीही टाळूच. शाळेत च, छ, ज, झ हे तालव्य म्हणून घोकले ते पहिल्या टाळूवरून. बाळंतिणीच्या घरात 'टाळू भरतात' ती दुसरी. पुढे नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात "टाळूचे डॉक्टर कुठे बसतात?" असं विचारल्यावर या मंडळींना थेट मेंदूच्या सर्जनच्या रांगेत नेऊन बसवलं. अर्धा दिवस तिथेच गेला.

गंमत अशी की या दोन टाळूंची कामं एकमेकींच्या अगदी उलट आहेत. तोंडातल्या टाळूने जन्माच्या कितीतरी आधी जुळून यायचं असतं; ती जुळली नाही की दोष. डोक्यावरच्या टाळूने आणि तिला येऊन मिळणाऱ्या कवटीच्या सांध्यांनी जन्मानंतरही बराच काळ मोकळं राहायचं असतं. ते वेळेआधी जुळले की दोष.

आधी तोंडातली. सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भाच्या तोंडाला छत नसतंच. वरच्या जबड्याच्या दोन बाजूंनी दोन पडदे खाली लोंबत असतात आणि मधे जीभ अडून बसलेली असते. जबडा वाढतो, जीभ खाली उतरते, आणि मोकळीक मिळताच ते पडदे उचलले जाऊन आडवे होतात, मध्यावर एकमेकांना भेटतात. मग पुढून मागे, अगदी पडजिभेपर्यंत, शिवण पडत जाते. बाराव्या आठवड्यापर्यंत हे काम आटोपतं. यात कुठेही अडलं की फट राहते. काही बाळांचा खालचा जबडाच इतका लहान असतो की जीभ खाली उतरत नाही आणि पडदे दोन्हीकडे ताटकळत राहतात. अशा बाळांना पाठीवर झोपवलं तर जीभ मागे पडून श्वास अडू शकतो, म्हणून त्यांना कुशीवर किंवा पालथं ठेवायचं की नाही हे डॉक्टरांकडून समजून घेऊनच घरी न्यायचं.

ओठाचं काम वेगळं असतं आणि त्याआधी, सातव्या आठवड्यापर्यंत, उरकतं. म्हणून नुसता ओठ दुभंगलेली, ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेली, आणि नुसती टाळू दुभंगलेली अशी बाळं दिसतात. फोग-अँडरसन या डॅनिश डॉक्टरांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं की पहिले दोन प्रकार एका घराण्यातले आणि तिसरा वेगळ्या घराण्यातला. ओठाचा दोष मुलांमध्ये जास्त, नुसत्या टाळूचा मुलींमध्ये. सगळे प्रकार धरून जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एक बाळ असं असतं. ओठ फाटलेला असेल तर तो सगळ्या आळीला दिसतो. नुसती टाळू फाटलेली असेल तर बाळ दिसायला गोंडस असतं, फोटोत काहीच कळत नाही, आणि तिथेच वेळ जातो.

अशा बाळाला दूध ओढता येत नाही, कारण तोंडात पोकळी धरायला वर छतच नाही. स्ट्रॉला मधे भोक पडावं तसं. आईला दूध येत नाही असं म्हणून घरातली माणसं तिलाच मेथीचे लाडू खाऊ घालत बसतात. दूध काढून, बाळाला उभं धरून, वाटी-चमच्याने किंवा दाबता येणाऱ्या मऊ बाटलीने थोडं थोडं पाजलं, मधे मधे ढेकर काढली की वजन वाढतं. घरी जुनं बोंडलं असेल तर तेही कामाला येतं. आमच्याकडे तेच आलं.

पुढचा प्रश्न बोलण्याचा. प, ब, त, ट, क म्हणताना तोंडात हवा कोंडावी लागते, आणि त्यासाठी टाळूचा मागचा मऊ भाग उचलून नाकाची वाट बंद करतो. तो उचललाच नाही तर हवा नाकातून निसटते आणि 'ब'चा 'म' होतो. म्हणजे पोरगं "बाबा" म्हणायला जातं आणि ऐकू येतं "मामा". गोंदियाचे मामा त्यावर भलतेच खूश होते. कानाच्या नळीचे स्नायूही या टाळूलाच चिकटलेले असल्यामुळे कानात पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं, म्हणून कानाची तपासणीही सोबत हवीच. कधी वरून अस्तर शाबूत आणि आतले स्नायू मात्र फाकलेले असतात. तोंडात बॅटरी मारल्यावर पडजीभ दोन शेंड्यांची दिसली आणि मूल नाकात बोलत असलं तर ही झाकलेली फट असू शकते. कित्येकदा ती शाळेत जायच्या वयात सापडते.

आता डोक्यावरची. बाळाची कवटी एकसंध नसते, हाडांच्या पाट्या असतात आणि त्यांच्यामध्ये सांधे. पहिल्या वर्षात मेंदू जवळजवळ दुप्पट होतो, त्याला जागा देण्यासाठी हे सांधे मोकळे. तीन-चार सांधे जिथे मिळतात तिथली पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची मऊ जागा म्हणजे आपली टाळू. ती बहुतेकांची दीड वर्षापर्यंत भरते, काहींची थोडी आधी, काहींची दोन वर्षांच्या पुढे. तेलाने ती लवकर भरत नाही आणि तेलावाचून उघडी राहत नाही. नागपूरच्या मे महिन्यात जुलाब-उलट्या झालेल्या बाळाची टाळू खोल गेली तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समजून दवाखाना गाठायचा. आणि शांत मांडीवर बसलेल्या बाळाची टाळू फुगून टणक लागत असेल तर सकाळची वाट पाहायची नाही.

यातला एखादा सांधा आईच्या पोटात किंवा जन्मानंतर लगेच हाडाने बंद होतो, साधारण २,००० ते २,५०० बाळांत एकाचा. मग डोकं कसं वाढतं याचा नियम जर्मन डॉक्टर फिरशो यांनी १८५१ मध्ये मांडला. बंद सांध्याच्या आडव्या दिशेने वाढ खुंटते आणि दुसऱ्या दिशेने वाढून भरपाई होते. पोत्याची एक बाजू शिवून टाकली आणि आत तांदूळ भरत राहिलात तर पोतं दुसरीकडेच फुगणार, तसं. माथ्यावरचा उभा सांधा बंद झाला (हा सर्वांत जास्त आढळतो) तर डोकं नावेसारखं पुढे-मागे लांब आणि कानांच्या मधे अरुंद. कपाळाचा सांधा फार लवकर बंद झाला तर कपाळ त्रिकोणी, मधोमध कणा. हा कपाळाचा सांधा एरवीही पहिल्या वर्षातच बंद होतो, त्यामुळे नुसती बारीक उंच रेघ हाताला लागली आणि कपाळाचा आकार नीट असला तर घाबरायचं कारण नाही.

इथे एक गैरसमज डॉक्टरांच्या केबिनबाहेर सारखा ऐकू येतो. "टाळू उघडी आहे ना, मग सांधा कसा बंद असेल?" असू शकतो. टाळू हा चौक आहे. चौक मोकळा आणि त्याला येऊन मिळणारा एक रस्ता बंद, हे नागपूरच्या सीताबर्डीवर रोज पाहतोच की आपण.

आणि या दुखण्याचा एक तोतया आहे, त्याने आयांची झोप जास्त उडते. बाळ एकाच कुशीला मान करून झोपतं, डोकं मागून एका बाजूला चपटं होतं. सांधे उघडेच असतात. झोपेतले अचानक मृत्यू टळावेत म्हणून १९९२ पासून अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवायला सांगितलं गेलं, आणि अशी चपटी डोकी जास्त दिसू लागली. पाठीवर झोपवणं बरोबरच आहे, ते सोडायचं नाही (वर सांगितलेली लहान जबड्याची बाळं तेवढी वेगळी, त्यांचं डॉक्टरांना विचारून). फरक ओळखायला बाळाला मांडीवर घेऊन वरून, माथ्याच्या बाजूने, बघायचं. नुसतं दाबाने चपटं झालं असेल तर चपट्या बाजूचा कान आणि कपाळ दोन्ही पुढे सरकलेले दिसतात, डोकं तिरक्या चौकोनासारखं. मागचा सांधा खरोखर बंद असेल तर त्या बाजूचा कान उलट मागे आणि खाली ओढलेला असतो आणि कानामागे फुगीर हाड लागतं. शंका राहिलीच तर तपासणी डॉक्टरांनी करायची, पण हा कानाचा मुद्दा त्यांच्यापुढे जरूर काढा.

राईची उशी आपल्याकडे घरोघरी. तिने बंद सांधा उघडत नाही, आणि लहान बाळाच्या डोक्याखाली सुरक्षित झोपेसाठी कोणतीच उशी नको. दाबाने आलेल्या चपटेपणाला जागेपणी, आपण समोर असताना, पालथं खेळवणं आणि मान दोन्हीकडे वळवायला लावणं यानेच बरं वाटत जातं. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बाळांना हेल्मेट घालूनही दोन वर्षांच्या वयात पूर्ण बरी झालेली २६ टक्के, न घालता २३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. ४५ अंशांच्या नागपुरात तान्ह्या लेकराला दिवसाचे २३ तास हेल्मेट घालायचा सल्ला कोणी नुसत्या चपटेपणासाठी दिला तर मी तरी दुसऱ्या डॉक्टरांना विचारीन.

कारणांकडे आलं की सगळी बोटं आईकडे वळतात. ग्रहणात विळीवर भाजी चिरली, सुईत दोरा ओवला. ओठ जुळतो सातव्या आठवड्यापर्यंत, तेव्हा बऱ्याचजणींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. आणि जिच्या गर्भारपणात आपल्या आभाळात ग्रहण लागलंच नाही तिच्या पोटीही असं बाळ जन्मतंच. खरी कारणं गुंतागुंतीची आहेत. टाळू-ओठाच्या दोषात अनेक जीन थोडा थोडा वाटा उचलतात (त्यातला आयआरएफ६ नावाचा सर्वांत अभ्यासलेला), आणि त्यावर आईचं धूम्रपान, गर्भारपणाआधीपासूनचा मधुमेह, फिटची काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट, यांची भर पडते. खर्ऱ्यातही तंबाखूच असतो हे नागपूरकरांना सांगायला नको. फिटच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. मूल हवंय असं ठरलं की आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या.

कवटीच्या सांध्यांचं बहुतेक वेळा एकच सांधा बंद आणि बाकी बाळ ठणठणीत असं असतं. थोड्या बाळांत एका जीनमधला बदल सापडतो, आणि त्यातला अपर्ट सिंड्रोम दोन्ही टाळूंना एकत्र आणतो. एफजीएफआर२ या जीनपासून बनणाऱ्या प्रथिनात २५२ आणि २५३ अशा दोन शेजारच्या जागा आहेत. जवळपास सगळी अपर्ट बाळं या दोनांतल्या एकीच्या बदलाने होतात. कवटीचे सांधे बंद, हातापायांची बोटं जुळलेली, आणि २५२ वर बदल असेल तर तोंडातली टाळू दुभंगलेली असण्याची शक्यता जास्त. एकाच बाळात वरचं अवेळी मिटलेलं, आतलं मिटायचं राहिलेलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९९६ मध्ये अशी ५७ कुटुंबं तपासली, तर नवा बदल ५७ च्या ५७ ठिकाणी वडिलांकडून आलेला निघाला. वडिलांचं वय वाढतं तशी ही शक्यता वाढते. यात बापाचाही काही गुन्हा नाही, पण हा आकडा सुनेला बोलणाऱ्यांच्या कानावर घालायला मला आवडतो.

ऑपरेशनचं घड्याळ दोन्हीकडे वेगळं चालतं. ओठ, बाळ साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर शिवतात. टाळू नऊ महिने ते दीड वर्षात, बोलणं फुटायच्या आत. नुसती फट बुजवून भागत नाही. चुकीच्या जागी, हाडाच्या कडेला चिकटलेले स्नायू सोडवून मधे एकमेकांना जोडावे लागतात, नाहीतर छत बंद होतं आणि 'बाबा'चे 'मामा' तसेच राहतात. २०२३ मध्ये युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या ५५८ बाळांच्या चाचणीचे निकाल आले. सहाव्या महिन्यात टाळू शिवलेल्यांपैकी पाचव्या वर्षी ८.९ टक्के मुलांची टाळू नाकाची वाट नीट बंद करत नव्हती, बाराव्या महिन्यात शिवलेल्यांत १५ टक्के. पण ती सगळी वजनाने चांगली, अन्यथा निरोगी बाळं होती आणि त्यांची भूल तज्ज्ञ हातांत होती. चार किलोच्या अशक्त बाळाला घाईने टेबलावर घ्या असा त्याचा अर्थ नव्हे.

कवटीत उशीर महाग पडतो. तीन-चार महिन्यांच्या आत निदान झालं तर दुर्बिणीने, लहान छेदातून बंद सांध्याची पट्टी काढता येते. त्यानंतर मात्र हेल्मेट लागतं, आणि इथे ते खरंच उपयोगी असतं. ती वेळ निघून गेली की सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान मोठं ऑपरेशन: कानापासून कानापर्यंत छेद, हाडं काढून नव्याने मांडणं, रक्त चढवण्याची तयारी. आपल्या विदर्भात दोन्ही ऑपरेशनांआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे ना हे स्वतः विचारायचं.

छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीहून लोक लेकरं घेऊन नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी दवाखान्यांत येतात. खिडकीवर 'टाळू' एवढंच सांगू नये. तोंडातली असेल तर प्लास्टिक सर्जन किंवा जबड्याचे सर्जन, सोबत कान आणि वाचा तपासणारे. डोक्याचा आकार असेल तर न्यूरोसर्जन, सोबत प्लास्टिक सर्जन. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झाला. त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे, म्हणून अंगणवाडीत येणारं पथक त्यासाठी पुढे पाठवतं. अवेळी जुळलेल्या कवटीचं नाव त्या यादीत नाही, तिथे आपल्यालाच वरून डोकं बघावं लागतं.

बहिणीच्या मुलीची टाळू अकराव्या महिन्यात शिवली. फाइलवर बहिणीने निळ्या पेनने मोठ्या अक्षरांत 'टाळू – तोंडातली' असं लिहून ठेवलंय. सासूबाई अजून रोज डोक्यावर तेल घालतात. घालोत बिचाऱ्या, त्या टाळूला काही झालेलंच नव्हतं.